जावेच्या बाजातली मींड

तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर तो बाजा पाहिलात आणि "आजी, हा खरा ॲनालॉग सिंथेसायझर आहे, असे आता मिळत नाहीत!" म्हणून ओरडलात, तेव्हा मी हसले. खरं तर मला राग आला होता. बाजा माझा नाही. आमच्याच गावात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेचा आहे. माझे दीर तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. ते गेल्यावर जाऊ तो तिच्या घरच्या गुरुवारच्या भजनात एका बोटाने वाजवू लागली.

आधी यंत्राबद्दल सांगते. दोन्ही कडांना लाकूड, मध्ये वीसेक गोल बटणं. आत काहीही साठवलेलं नसतं. बटणं जिथे उभी, तसा आवाज. एका वेळी एकच सूर निघतो. चालू केल्यावर वीस मिनिटं तो सुरात नसतो. मग तापतो, गरम धुळीचा वास सुटतो आणि सूर ठिकाणावर येतो. एका बटणाने, तोंडावरचा हात हळूच काढावा तसा आवाज उघडतो. दुसऱ्या एका बटणामुळे सूर पुढच्या पट्टीवर उडी मारत नाही, घसरत जातो.

हे घसरणं मला झोंबलं. मी चाळीस वर्षं पेटी वाजवते, परीक्षा दिल्या आहेत. पेटीतून मींड, म्हणजे हे असं सुरावरून सुरावर घसरणं, निघत नाही. आणि जिला कोमल-तीव्र कळत नाही, तिच्या एका बोटातून ती निघत होती.

"बाई, तुमी टाळ घ्या न आज," बायका म्हणाल्या. "बाजा लावून राह्यली ते."

मी टाळ घेतले. त्या गुरुवारी आणि पुढच्या सगळ्या.

गणपतीच्या आधी एकदा जाऊ चहा करायला आत गेली, तेव्हा मी प्रत्येक बटणाची जागा घड्याळाच्या काट्यासारखी वहीत उतरवली. पहिलं दहावर, दुसरं अडीचवर. तुमच्याकडून तसाच जुना बाजा कुठूनतरी शोधून मागवायचा आणि तिच्याहून चांगला वाजवायचा, असा माझा बेत होता.

दसऱ्याच्या साफसफाईत तिच्या सुनेने बाजा ओल्या फडक्याने पुसला आणि सगळी बटणं नीट एका रेषेत उभी केली. गुरुवारी तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. जाऊ बटणं फिरवत राहिली.

"त्याईनं लावलेला आवाज होता व तो," ती म्हणाली. "ते गेले तवापासून मी एक बी बटन हलवलं नोतं."

"बाई, काढा तुमची पेटी," कोणीतरी म्हणालं.

मी काढली. तीन गुरुवार वाजवली, आणि छान वाजवली. वही माझ्या पिशवीतच होती. तिसऱ्या गुरुवारी जावेने बाजावर चादर टाकली होती आणि ती भजनाला बसलीच नाही. आत गवार निवडत राहिली.

चौथ्या गुरुवारी मी तासभर आधी गेले. चादर काढली, वही उघडली, बटणं लावली, वीस मिनिटं थांबले. मग पट्टी दाबली. सूर घसरत वर गेला आणि जाऊ ओल्या हातांनीच बाहेर आली.

"कसं जमलं व बाई?"

मी वही पुढे केली.

"कवा लिवलं हे?"

"गणपतीच्या आधी."

तिने हात पदराला पुसले आणि वही हातात घेतली. "मंग तीन गुरुवार गप काऊन बसल्या?"

"जळत होते तुझ्यावर."

"ते तं मले माईतच होतं. टाळ किती आपटत होत्या तुमी!"

तिने सुनेचं नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक बटणाच्या जागेवर लाल ठिपका दिला. मग सरकून म्हणाली, "बसा. तुमी वाजवा."

मी बसले. मींड निघाली, पण तिच्यासारखी नाही. बटणांच्या जागा मी सगळ्या लिहिल्या होत्या. पुढच्या पट्टीवर जायच्या आधी तिचं बोट किती थांबतं, ते मी पाहिलंच नव्हतं. आता दर गुरुवारी पाहते. अजून जमलेलं नाही.