मामंजींच्या पानावरचं बिनसाखरेचं पुडिंग

ओजस आणि ईरा,

तुमच्या पणजोबांनी माझ्या हातचं पुडिंग नाकारलं, तेव्हा त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

क्रमानेच सांगते. (तुमचा बाबा ही गोष्ट शेवटाकडून सांगतो आणि त्यात मी हास्यास्पद ठरते. क्रमाने सांगितली तरी ठरतेच, पण निदान का ते कळतं.)

पणजोबा, म्हणजे माझे मामंजी, फौजेत ऑफिसरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन सांगलीजवळच्या या मळ्यात आले, ते एक पितळी डबा आणि एक पदार्थ घेऊन. कॅरमल कस्टर्ड. गावाने त्याचं 'पुडिंग' केलं. त्यामुळे पितृपक्षात त्यांच्या तिथीला भात, वडे आणि खिरीशेजारी पुडिंगची वडी असतेच. श्राद्धाच्या पानात अंडं चालतं का, यावर भावकीत दोन मतं आहेत. मामंजींच्या पानात पुडिंग लागतं, यावर एकच.

पान विहिरीच्या कठड्यावर ठेवायचं आणि कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही, हा रिवाज. दरवर्षी कावळा दहाच्या आत येतो. मामंजी फौजी होते, वेळ पाळत.

मागच्या वर्षी तुमच्या आजोबांची शुगर फार वाढली. साताऱ्याच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे; बेशिस्त कशी मोडायची, ते मला ठाऊक आहे. घरातली साखर, गूळ, काकवी, बिस्किटं, सगळं एका सकाळी दूध घालणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. चारी बाजूंनी ऊस आणि मधल्या घरात साखरेचा कण नाही, अशी माझी व्यवस्था होती.

मग तिथी आली. पानावर वाढून उरलेलं पुडिंग आजोबाच खाणार, म्हणून मी सांगलीहून बिनसाखरेच्या साखरेचं पाकीट आणलं. कुणाला सांगितलं नाही. पाकीट इंग्रजी पुस्तकांच्या कपाटात लपवलं. (तिथे आमच्या घरात कुणी हात घालत नाही.)

साखर वितळते, तांबूस होते, खमंग वास सोडते. ही वितळली आणि पाण्यासारखी राहिली. दहा मिनिटं मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. रंग नाही, वास नाही. शेवटी मी त्यात कडक कॉफी ओतून तिला तांबूस केलं, वर अंडी-दुधाचं मिश्रण घातलं, वाफवलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी डबा ताटात पालथा केला. वरचा काळसर थर पांढरा पडला होता. राखेवर दहिवर पडावं तसा, कडक. नखाने खरवडून जिभेवर ठेवला. (नैवेद्याआधी चाखू नये, हे मला माहीत आहे. प्रयोग करणाऱ्याने चाखावं लागतं, हेही.) डबा बाहेर काढून तास झाला होता, तरी तो कण जिभेवर एकदम गार पडला. बर्फासारखा नाही. आतून गार.

मी वडी कापली, पांढरी बाजू खाली केली आणि पानावर ठेवली.

दहा वाजले. कावळे आले, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर सात-आठ जण ओळीने बसले. एकही ओरडला नाही. वारा पडला होता, तरी उसात काहीतरी सळसळत होतं. मुंग्यांची एक रांग कठड्यावरून सरळ आली, पानाजवळ थांबली आणि वडीला वळसा घालून निघून गेली.

"वैनी, मुंगी बी शिवंना," आक्का हळूच म्हणाल्या. आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. तिथीसाठी दरवर्षी आटपाडीहून येतात. मामंजींना ही भावंडं आबा म्हणतात. "आबाचं मन कशात तरी आडकलंय."

मग कबुल्या सुरू झाल्या. आजोबांनी हात जोडले. "आबा, बांधाचं भांडण मिटवतो." कावळे गप्प. "नातवंडांना दिवाळीला बोलावतो." एक कावळा खाली उतरला, वडीजवळ मान वाकडी करून उभा राहिला आणि मागच्या मागे सरकत गेला. पाठ न दाखवता. मी आजवर कावळ्याला असं चालताना पाहिलं नव्हतं.

"आवं, जेवून घ्या तुम्ही," मी म्हटलं. म्हणजे मी घाबरले होते. एरवी मी 'अहो' म्हणते.

"कावळा शिवल्याशिवाय? मी?" आजोबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

तेव्हा मला आठवलं. सकाळी सातला शुगरची गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली होती. आता साडेबारा झाले होते आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

त्यांचे हात थरथरू लागले. नजर उसाच्या आत कुठेतरी लागली. मग ते एकदम ताठ झाले आणि मामंजींच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साब, पुडिंग तैयार है।" आणि माझ्याकडे वळून, "चीनी नहीं डाली?"

"ह्यो बाळू न्हाई," आक्का माझं मनगट धरून पुटपुटल्या. "आबा बोलतोय. काय न्हाई घातलं म्हनतोय, वैनी?"

मी शिकलेली बाई. रक्तातली साखर उतरली की माणूस बरळतो, मला ठाऊक होतं. तरी माझ्या पाठीतून तो पुडिंगचा गारवा सरसरत गेला. मी घरात धावले. साखरेचा डबा रिकामा. गुळाचा रिकामा. खीर? ती पण मीच केली होती, त्याच पाकिटातून. साखर कमी पडलेला माणूस आणि त्याला द्यायला चमचाभर साखर नसलेली मी.

बाहेर आले तर आक्कांनी ऊस मोडला होता. बुडखा दातांनी सोलून एकेक करवा त्या भावाच्या तोंडात घालत होत्या. "चाव, बाळू. आबा असशील तर तू बी चाव."

पंधरा-वीस मिनिटांनी आजोबांनी डोळे चोळले आणि विचारलं, "आक्का, मी काय लहान आहे का, भरवतेस ते?"

मी कठड्याशी गेले, हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. "मामंजी, साखर मीच घातली नाही. पुढच्या वर्षी घालीन." कपातली मोजमापंसुद्धा सांगितली.

माझं वाक्य पुरं होण्याआधी कावळा उतरला. वडी चोचीत धरली, टाकली, कठड्याच्या दगडावर चोच दोन्ही बाजूंनी नीट पुसली आणि मग भात खाल्ला.

"लय कडक मानूस," आक्का म्हणाल्या.

आजोबांना त्यातलं काहीच आठवत नाही. पाकीट मी नंतर पाहिलं. पुस्तकांमागे होतं तिथेच, होतं तसंच. मग त्यांना कसं कळलं? मी ते कपाट संध्याकाळी उघडत नाही.

पाककृतीच्या वहीत आता नवी नोंद आहे. पुडिंगचे डबे दोन करावेत. बिनसाखरेचा आजोबांना आणि त्यांना आधी नाश्ता. भरपूर साखरेचा मामंजींना; कारण गेलेल्या माणसाची शुगर वाढत नाही. हे साधं सत्य समजायला मला दोन पदव्या पुरल्या नाहीत. कावळा लागला.

तुमची आजी