रकान्यात न मावलेली गरिबी

शिकवायचं सोडून बाकी सगळी कामं गळ्यात पडली, की मास्तरकडे किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यात मी दारिद्र्यरेषेचा सर्व्हे केला. मित्रांना सांगायला बसलो की पहिला किस्सा हसत सांगतो, पुढं माझंच डोकं फिरतं!

•

ट्रेनिंगला साहेबांनी बजावलं, "घरात पंखा, टीव्ही दिसला की नाव बाद!"

मी विचारलं, "आणि छप्पर गळताना दिसलं तर?"

"त्याला फॉर्मात रकाना नाही!"

यादीत नाव आलं तर घरकुल मिळणार होतं. बाकीच्यांनी गळक्या छपरातच राहायचं.

•

चावडीवर घरांची नोंद चालली होती. आमच्या गावचे तात्या बडे ऊसवाले. बंगला एक, चूल एक, पण चार पोरांची चार रेशनकार्डं. जमीन सगळी तात्यांच्या नावावर, म्हणून चारही पोरं भूमिहीन!

"तात्या, चार चुली कुठं हायत?"

"तुमी घरी येताय तवर मांडतो की, मास्तर!"

•

वस्तीवरच्या एका आबांना विचारलं, "दोन वेळ जेवता ना?" दारात नेमके व्याही बसलेले.

"व्हय तर! भीक मागतो का काय?"

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तिथल्या तिथं नाव उडवलं. आबांच्या चुलीत राखसुद्धा गार होती.

•

कलाबाई खुरपायला जायची. लेकीला घेऊन पाचटाच्या छपरात राहायची. घरकुलावर खरा हक्क तिचाच. आम्ही गेलो तर छपरात दोन खुर्च्या, टेबलफॅन आणि टीव्ही!

"सायेब येणार, त्यास्नी भुईवर कसं बसवायचं? तात्यांकडं खुर्च्या मागितल्या, तर त्यांनी समदंच ट्रॅक्टरनं धाडलं. लई मोठ्या मनाचा माणूस!"

भाऊसाहेबांनी फॉर्मात पंख्यापुढं खूण केली. मी ओरडलोच, "अहो, सामान मागून आणलंय! घरात लाईट नाही, पंखा फिरणार कशावर?"

"कुणाचा आणि फिरतो का, हे फॉर्मात विचारलेलं नाही, गुरुजी!"

कलाबाईचं नाव गेलं. ती बिचारी आम्हाला चहाचा आग्रह करत होती. मला तिच्याकडं बघवेना.

तिथून बंगल्यावर गेलो. तात्यांनी दारातच हात जोडले आणि आमच्यासाठी भुईवर पोतं अंथरलं.

"बसा, मास्तर. गरिबाच्या घरात खुर्चीसुदिक न्हाय!"