नवसाचा फकीर

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि वादात कुणाला ऐकायचो नाही. समोरच्याला गप्प केलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. थोरल्या भावाला मी याच हौसेपायी गमावलं. एरवी मला दोष परिस्थितीवर ढकलायला आवडतं, पण इथे ती सोय नाही.

आम्ही दोघं एकाच तालमीत वाढलो. पुढं भावानं मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आमचे वस्ताद मुसलमान आहेत हे आम्हाला माहीत होतं, जसं त्यांचा डावा कान कुस्तीत चुरगाळलेला आहे हे माहीत होतं. मोहरमात तालमीत पिराचा पंजा, म्हणजे काठीवरचा धातूचा हात, बसायचा आणि तो उचलायचा मान आमच्या घरचा. त्याचं कारण भाऊच होता. त्याच्याआधीची दोन मुलं गेल्यावर आईनं पिराला नवस केला आणि तो जगला. म्हणून सात वर्षांचा होईपर्यंत दर मोहरमात आई त्याला फकीर करायची. अंगात हिरवा अंगरखा, गळ्यात पिराच्या नावाचा नाडा आणि पाच घरी भिक्षा. पेठेत अशी नवसाची पोरं बरीच होती, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

ब्याण्णवच्या हिवाळ्यानंतर भाऊ कुठल्याशा संघटनेच्या बैठकांना जाऊ लागला. घरात पत्रकं आली. आखाड्यात उतरताना वस्तादांच्या पाया पडणं त्यानं सोडलं. जेवताना तो "ही माणसं" म्हणून सुरुवात करायचा आणि मी सनावळ्या, पुरावे काढून त्याला उभा आडवा सोलायचो. तो ताटावरून उठून जायचा. मला वाटायचं, जिंकलो. त्याला एवढा राग नेमका कशाचा आलाय, हे मी एकदाही विचारलं नाही. दुकान चालत नव्हतं, हे मला वहिनीकडून फार उशिरा कळलं.

मोहरमाच्या आधी तालमीत बैठक बसली. भाऊ दुसऱ्या पेठेतले पाच-सहा नवे मित्र घेऊन आला आणि उभा राहून म्हणाला, "औंदा पंजा बसवायचा न्हाय."

सगळे वस्तादांकडं बघू लागले. ते आखाड्याच्या कडेला बसले होते. "बोलू द्या त्याला," ते म्हणाले. "मनातलं समदं भाईर यिऊ दे."

मी कशाला येऊ देतोय! मी ताडकन उठलो. "दादा, तू त्याच पिराच्या नवसाचा की रं! सात वर्सं हिरवा अंगरखा घालून भिक्षा मागत फिरलास, आणि आता पंजा नको?"

तालीम हशानं दणाणली. आमच्या पेठेला यात नवीन काहीच नव्हतं. पण त्याच्या मित्रांना हे ठाऊक नव्हतं. भावानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, त्यांच्याकडं पाहिलं. त्यातला एक जण गालात हसत होता. भाऊ चपला न घालताच बाहेर पडला.

पंजा बसला. लोकांनी माझी पाठ थोपटली. वस्ताद तेवढे म्हणाले, "मास्तर, त्यो एकटा आसता तर हसून सोडून दिला आसता. त्यांच्यापुढं त्याला उघडा केलास. आता त्यास्नी दाखवायला त्यो काय काय करील, बघ."

तसंच झालं. ते मित्र त्याला "फकीरसाहेब" म्हणू लागले आणि तो प्रत्येक गोष्टीत त्यांच्या चार पावलं पुढं राहू लागला. वेगळा निघाला. आमचं बोलणं बंद झालं. काही वर्षांनी वस्तादांच्याच गल्लीत दगडफेक झाली, त्यात त्याचं नाव आलं आणि तो कळंब्याच्या जेलात गेला.

वस्तादांचे गुडघे तोवर कामातून गेले होते. तरी ते बसनं कळंब्याला गेले, एकदा नव्हे, तीनदा. भावानं भेट नाकारली. फाटकाबाहेर झाडाखाली दिवसभर बसून ते परत यायचे. मी गेलो नाही. शाळेची नोकरी, हेडमास्तरांचा धाक, अशी कारणं मी बायकोला सांगितली आणि तिनं ती ऐकून घेतली.

भाऊ पुराव्याअभावी सुटला. दोन हजार सालानंतर वस्ताद वारले. मातीला भाऊ आला नाही. तेव्हा मात्र मी हादरलो आणि दर रविवारी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. पहिले काही महिने तो माझ्याशी बोललाच नाही. मग तो वाइंडिंग करताना मी तारेचं रीळ धरायला लागलो. मधूनच तो असं काही बोलायचा की माझी जीभ शिवशिवायची. मी फक्त विचारायचो, "हे तू बघितलंस, का कुणी सांगितलं?" कधी तो विचारात पडायचा, बहुतेकदा शिवी द्यायचा. ती संघटना त्यानं आजही सोडलेली नाही.

अशी चारेक वर्षं गेल्यावर एका दुपारी तो आपणहून म्हणाला, "वस्ताद तीनदा आलते. तिसऱ्या डावाला मी उठलोबी व्हतो. आत समदी आमचीच पोरं. म्हणाली, तुझा पीर आलाय न्यायला. बसलो खाली."

मी रिळावरची तार सोडत राहिलो.

"त्यास्नी भेटलो न्हाय, ते माझं पाप," तो म्हणाला. "पर मी रोज शिपायाला इचारायचो, भाऊ आलाय का म्हणून."

"लाज वाटत होती," मी म्हणालो. "तुझा भाऊ म्हणून तिथं उभं राहायची."

त्यानं माझ्या हातातलं रीळ काढून घेतलं.

"तू त्यांच्यासंगं आला आसतास तर मी भेटीला भाईर आलो आसतो," तो म्हणाला. "सख्ख्या भावाला भेटलो म्हणून कोण काय म्हणणार व्हतं?"