लाल होणारा बाण

अकोल्याच्या दवाखान्यात मानसशास्त्राच्या बाईंनी ह्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. पडद्यावर बाण येतो. टोक ज्या बाजूला, त्या बाजूचं बटण लगेच दाबायचं. बाण मध्येच लाल झाला, तर हात आवरायचा. निघालेला हात माणूस किती पटकन थांबवतो, ते हे सॉफ्टवेअर मोजतं.

पक्षाघाताआधी ह्यांना यात भोपळाच मिळाला असता. माझं एक वाक्य ह्यांनी कधी पुरं होऊ दिलं नाही. मी "आज भाजी" म्हणेपर्यंत "वांगे नोको" तयार.

"मले बोलू द्यान का जरा?"

"तू बोलेपर्यंत एसटी निघून जाते."

आता बोलणं सुधारलंय, पण काही विचारलं की हे इतके थांबतात की विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो.

एकाही लाल बाणावर हे चुकले नाहीत. मला बरं वाटलं. बाईंनी मान हलवली. "काकू, काका आधी वाट पाहतात, बाण लाल होतो का म्हणून. मग दाबतात. अशानं थांबणं मोजताच येत नाही. काका, चुकलं तरी चालेल, पण पटकन दाबा."

हे हसले. पुढची फेरीही तशीच. बाण यायचा, बोट बटणावर टेकलेलं, आणि तिथंच. मी मागे बसून मनात म्हणत होते, चुका हो एकदा.

परतताना अमरावतीच्या एसटीत कंडक्टर आला. "कुठं?"

आजारपणापासून याचं उत्तर मीच देते. काम उरकतं. त्या दिवशी मात्र मी तोंड मिटून बसले.

"बोला ना काका, गाडी भरून राहिली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"मावशी, तुमीच सांगा ना," मागून कोणीतरी म्हणालं. अमरावती माझ्या जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

कंडक्टर वैतागला. "काका, तुमाले अमरा..."

"बडनेरा. दोन," त्याला तोडत हे म्हणाले.

बडनेऱ्याचं घर सोडून अमरावतीला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. मी बडनेऱ्याच्याच दोन तिकिटांचे पैसे दिले.

बडनेऱ्याला उतरलो. अमरावतीसाठी रिक्षा पाहिली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?"

मी पुन्हा थांबले, ह्यांनीच सांगावं म्हणून. चुकलं तरी चालेल.