कणगीत न राहणारा माल

चांद्यातल्या कैलासनं डोंगराकडचा जमिनीचा तुकडा विकला तो बायकोसाठी. रंभाबाईच्या काळजाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता, माघातली तारीख मिळाली होती. पैसे थोडे कमी पडत होते, एवढंच. तेवढ्यासाठी शेजारच्या दयानंदनं त्याला मोबाईलवर नॅचरल गॅसचा सौदा करायला शिकवलं. भल्या माणसा, कुणाकडं हात पसरला असतास तर काय झिजला असतास का?

पण कैलासला ते लगेच पटलं. अमेरिकेत थंडी कडाडली की घरं तापवायला गॅस लागतो, तिथल्या जमिनीखालचे साठे उतरतात आणि भाव चढतो. साठा किती उरला ते दर गुरुवारी जाहीर होतं. भात पिकवणाऱ्याला यात नवं ते काय? तिकडं हिमवादळाची बातमी होती. कैलासनं सगळे पैसे लावले.

वादळ आलंच नाही. हवा उबदार झाली, साठे भरलेले राहिले, भाव गडगडला.

"नाना, आत्ताच्या आत्ता विकून मोकळं व्हा!" दयानंद कैलासवर ओरडला.

कैलासनं रंभाबाईला विचारलं. ती चुलीपुढं धापा टाकत बसली होती. जन्मभर केलं तेच तिनं सांगितलं, "पडत्या भावात कुनी इकतं व्हय? कणगीत राहू द्या. भाव येतोच."

खरंच होतं की! घरचा इंद्रायणी तांदूळ त्यांनी असाच धरून ठेवून विकला होता. कैलास थांबला. सकाळी हरभऱ्यावरच्या दवानं पाय गारठले की त्याला धीर यायचा. अरे, चांद्याच्या गारठ्यानं अमेरिकेत काय गोठणार, कपाळ!

कणगीतलं भात पावसाळ्यापर्यंत थांबतं. सौद्याला मुदत असते, हे कैलासनं कधी विचारलंच नव्हतं. मुदत संपली, सौदा पडल्या भावातच आपोआप मिटला आणि ऑपरेशनचे पैसे त्यात गेले. पुढच्याच आठवड्यात अमेरिकेत बर्फ पडला. आता पडून काय उपयोग?

तारखेच्या दिवशी रंभाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसली.

"अवो, गाडी कवा येतीया?"

कैलास तिच्या शेजारी टेकला. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"भाव आला न्हाई व्हय अजून?" ती हळूच म्हणाली. "मग थांबू की. मला कुटं घाई हाय?"

पिशवी उचलून ती आत निघाली, आणि धाप लागून उंबऱ्यातच खाली बसली.