उचकीला पाणी

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मराठी घरांत श्रुती पागेला ‘समजावणारी मॅडम’ म्हणत. देवास रोडवरच्या एका इंग्रजी शाळेत ती समुपदेशक होती. एखादं मूल चावलं, एखादं बोलेनासं झालं, कुणाला डबा खाताना कोणी जवळ बसू देईना, की त्याला तिच्या खोलीत पाठवायचे. खोलीत एक गालिचा, रंगीत चेहऱ्यांची कार्डं आणि श्रुतीचा कधीही न चढणारा आवाज. पालकांच्या सभेत ती सांगायची, “मूल रडलं तर गप्प बस म्हणू नका. काय वाटतंय ते विचारा. भावनेला नाव मिळालं की ती हातात येते.” आया वहीत लिहून घ्यायच्या. तिचा स्वतःचा मुलगा रुचिर, वय दहा, असाच वाढला होता. नवरा चिन्मय रोज इंदूरला नोकरीला जाऊन-येऊन करायचा, त्यामुळे मुलाचं सगळं हिच्याकडेच.

या श्रुतीला नवव्या वर्षी एक नाव पडलं होतं: टोंटी.

नाव ठेवलं तात्यांनी. त्यांचं खरं नाव सुधाकर, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. वीज मंडळात नोकरी, आणि तीस वर्षं मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवायचं काम. नाटक व्हायचं मात्र झकास. पंचवीस पोरं एका जिवानं उभी राहायची. लोक विचारत, तात्या, तुम्हाला जमतं तरी कसं? तात्या नुसते हसत. त्यांची रीत सोपी होती. पहिल्या आठवड्यात ते एक मूल हेरायचे आणि त्याची टर उडवायला सुरुवात करायचे. बाकीची चोवीस त्याला हसता हसता एकमेकांना घट्ट चिकटायची. श्रुतीच्या डोळ्यांना चटकन पाणी यायचं, म्हणून ती नळाची टोंटी. येता-जाता पोरं तिचं नाक धरून पिरगाळायची आणि ओरडायची, “बंद कर, टाकी खाली होईल!” हे दोन वर्षं चाललं. घरी तिनं सांगितलं, तर आई म्हणाली, “थट्टा समजून घ्यावी गं. तात्या देवमाणूस आहेत.”

यंदा रुचिर हट्टाला पेटला. त्याचे सगळे मित्र नाटकात होते. नाही म्हणायला श्रुतीकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं, आणि खरं कारण तिला सांगायचं नव्हतं. तिनं कपडेपटाचं काम मागून घेतलं. म्हटलं, आपण तिथे असलेलं बरं.

पहिल्या संध्याकाळी पोरं ओळीत उभी राहिली. तात्या हात पाठीमागे बांधून एकेकाला न्याहाळत निघाले आणि रुचिरपाशी थांबले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हा तुझा ना, श्रुती? जरा नाजूक दिसतो.”

ते थांबणं श्रुतीच्या ओळखीचं होतं. ओळीच्या टोकाला ईरा उभी होती. नऊ वर्षांची, जूनमध्येच सांगलीहून आलेली. वडिलांची बँकेतली बदली. ती श्रुतीच्याच शाळेत होती. प्रवेशाच्या वेळी तिची आई गौरी श्रुतीच्या खोलीत बसून हळूच म्हणाली होती, “घाबरली की उचक्या लागतात हिला. कुणाला सांगू नका हं मॅडम, मुलं चिडवतात.”

“तात्या,” श्रुती म्हणाली, “ती टोकाची मुलगी आहे ना, ईरा, ती नवीन आहे. घाबरली की तिला उचकी लागते. जरा सांभाळून घ्या.”

वाक्य ऐकायला काळजीचं होतं. पण तात्यांना ‘सांभाळून घ्या’ सांगणं म्हणजे काय, हे सबंध उज्जैनमध्ये तिच्याइतकं कोणाला कळत होतं? तात्यांनी रुचिरच्या खांद्यावरचा हात काढला आणि ते सावकाश ओळीच्या टोकाकडे गेले. श्रुतीनं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास तिला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

“काय गं सांगलीकर, वाक्य म्हण बघू.”

ईरानं तोंड उघडलं आणि उचकी आली.

“अरे वा! कोण आठवण काढतंय?” तात्यांनी पोरांकडे पाहिलं. “सांगा रे, कोण?”

“मदारीवाला बंदर!” एक ओरडला. “चामुंडामातेच्या देवळाजवळची भैंस!” दुसरा. हॉल हसण्यानं भरून गेला. रुचिरही हसला. आठवडाभरात मुलीचं ईरा हे नाव बुजलं आणि ती उचकी झाली. ती बोलायला उभी राहिली की चोवीस पोरं एका तालात उचक्या काढायची. नाटकाला एकजीवपणा आला होता. तात्या खूश होते.

उचकीला पाणी पाजायचा खेळ मात्र रुचिरनं काढला. तालमीच्या मध्यंतरात पोरं ईराला पडद्यामागे न्यायची, गोल करायची आणि गिलास तोंडाला लावायची. एक, दोन, पाच. प्यायल्याशिवाय सुटका नाही आणि बाथरूमला जायचं नाही. श्रुती एकदा फेटे घेऊन मागे गेली तेव्हा ईरा सतरंजीवर उभी होती, फ्रॉक चिंब, पायाशी थारोळं. तिला उचकीसुद्धा येत नव्हती. रुचिरच्या हातात पाण्याचा जग होता.

आवाज ऐकून तात्या आले. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, मग श्रुतीकडे.

“पोरगा तयार झाला हं तुझा. टोंटीच्या पोटी असा वाघ!”

पोरांनी विचारलं, टोंटी कोण? तात्यांनी सांगितलं. नाक पिरगाळून दाखवलं.

श्रुतीनं ईराचे कपडे बदलले, ओला फ्रॉक पिशवीत भरला आणि तिच्या कानाशी म्हणाली, “आईला सांगू, पाणी सांडलं.” ईरानं मान हलवली.

घरी आल्यावर तिनं रुचिरला समोर बसवलं. आवाज नेहमीसारखाच मऊ ठेवला.

“त्या मुलीला कसं वाटलं असेल, रुचिर?”

तो विचारात पडला नाही. “तिला अपमान वाटला. एकटं वाटलं. आणि आता परत होईल म्हणून भीती वाटली.”

“मग? एवढं कळतं तुला, तर केलंस कशाला?”

“कळतं म्हणून तर करता येतं, आई. सुमीतला कळत नाही, तो नुसता ढकलतो. ती रडत पण नव्हती. मी पाण्याचं काढलं, तेव्हा मजा आला.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आणि मी नाही केलं असतं तर माझा नंबर लागला असता. तुझा लागला होता ना?”

श्रुतीनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. थप्पड कानाखाली बसली. तो रडला नाही. तात्यांनी एवढं शिकवलं होतं. गालावर हात ठेवून तो आईकडे बघत राहिला, परीक्षेतला पेपर बघावा तसा.

दोन दिवसांनी गौरी शाळेत आली. ईरा जेवत नव्हती, अंथरूण ओलं करत होती, तालमीला जायचं नाव काढलं की पलंगाखाली शिरत होती. “तिथे काही होतंय का हो? तुम्ही असता ना तिथे, म्हणून मी निश्चिंत होते.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. श्रुतीनं ते मनात जुळवलंही. पण मग उचकीचं तात्यांना कोणी सांगितलं, हा प्रश्न आला असता. जग कुणाच्या हातात होता, हाही आला असता.

“नवीन जागी असं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही घरी तिला फार जपता का? थोडं कणखर व्हायला हवं. आता नाटक सोडवलंत तर ती कायमची पळायला शिकेल.”

गौरीनं हात जोडले. त्याच संध्याकाळी तिनं ईराला पलंगाखालून पायाला धरून बाहेर ओढलं आणि तालमीला आणून सोडलं.

नाटक ‘फुलांचा दरबार’. ईराला शेवंतीची तीन वाक्यं होती. प्रयोगाच्या संध्याकाळी ती पुढे आली आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून एका चिमुरड्यानं उचकी काढली. मग दुसऱ्यानं. मोठ्यांना वाटलं, नाटकातच आहे. हॉल खदखदून हसला. ईरानं ओठ मिटून घेतले. शेजारी भालदार झालेला रुचिर उभा होता. तो एक पाऊल पुढे आला आणि तिची तिन्ही वाक्यं त्यानं खणखणीत आवाजात म्हणून टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रसंगावधानाचं बक्षीस त्याला मिळालं. श्रुती विंगेत होती. तिनंही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून ईरा शाळेत बोलली नाही. मुख्याध्यापिकेनं तिला आठवड्यातून दोनदा श्रुतीकडे पाठवायला सुरुवात केली. श्रुती कार्डं मांडायची. ईरा गालिच्याच्या कडेला बसायची, कार्डांना हात लावायची नाही, श्रुतीकडे बघायची नाही, घंटा झाली की उठायची. श्रुती फाइलमध्ये लिहायची: प्रगती मंद, घरचं वातावरण अतिसंरक्षक. असे चार महिने गेले. दर वेळी ती ठरवायची, आज या मुलीची माफी मागायची. समोर बसलं की वाटायचं, हिनं घरी सांगितलं तर? मग आठवायचं की ही बोलतच नाही. आणि त्या विचारानं तिला हायसं वाटायचं.

फेब्रुवारीत ईराच्या वडिलांनी बदली मागून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी गौरी पेढ्यांचा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. सोबत ईरा होती, बरीच वाळलेली.

“तुम्ही खूप केलंत मॅडम. आमच्याच मुलीत खोट, त्याला तुम्ही काय करणार. ईरा, मॅडमना थँक्यू म्हण.”

ईरा फाटकाची सळई धरून उभी राहिली.

“म्हण ना! निदान आज तरी तोंड उघड.” गौरीनं दंडाला चिमटा काढला. “एवढं केलं त्यांनी तुझ्यासाठी.” मग चारचौघांत तिचा हात उठला आणि पोरीच्या पाठीत धपाटा बसला. ईरा फाटकावर आदळली. आवाज निघाला नाही.

“राहू द्या,” श्रुती म्हणाली. “लहान आहे.”

तिनं डबा घेतला. आत मधल्या सुट्टीची घंटा झाली. तिच्या खोलीबाहेर तिसरीतली दोन पोरं भांडून वाट बघत उभी होती. तिनं पेढे कपाटात ठेवले, गालिचा झटकला आणि त्यांना आत बोलावलं.