फोनवर हो म्हणायचं नाही

ओनोरिनाबाई फोनवर कधी ‘हो’ म्हणत नसत. इटलीतल्या आद्रियात निम्म्या गावाचं तेच पथ्य होतं. फोनवरचा विक्रेता गोड बोलून तुमच्या तोंडून एक ‘हो’ काढून घेतो, ते टेप करतो, कापून भलत्याच प्रश्नापुढे चिकटवतो आणि तुमच्या घरी दुसऱ्याच कंपनीची वीज सुरू होते, अशी सगळ्यांची खात्री. कुणाचं झालं असं, म्हणून विचारलं की प्रत्येकाच्या मेहुणीचं झालेलं असे. पण इतर लोक हे पथ्य परक्यांपुरतं पाळत, ओनोरिनाबाई पोटच्या मुलाशीही. “तार शेवटी तीच ना?” असं त्यांचं म्हणणं.

तीस वर्षं शाळेत शिपाईण म्हणून घंटा वाजवलेली बाई, तिला शब्दांचा तुटवडा कसला! ‘हो’च्या जागी त्या ‘मग काय तर’, ‘सांगायला हवं का’, ‘बघू या’ असं काहीही बसवत. मुलगा फाउस्तो बोलोन्याहून दर रविवारी फोन करी आणि तेच विचारी, “आई, इकडे राहायला येतेस ना?” त्या म्हणत, “बघू या.” नवरा गेल्यापासून सहा वर्षं हेच चाललं होतं. बाईंना आपलं घर सोडायचं नव्हतं, आणि मुलाला दुखवायचंही नव्हतं.

तशात जुना सरकारी वीजदर बंद झाला आणि प्रत्येकाला कंपनी निवडायची पाळी आली. बाईंनी हे काम कुणाच्या मदतीशिवाय केलं. नव्या कंपनीच्या खिडकीवर जाऊन सही ठोकली. फक्त बँकेच्या खात्याचा नंबर लिहायचा चौकोन कोरा ठेवला. खात्याचा नंबर काय रस्त्यावर वाटायची वस्तू आहे? शिवाय विजेचे पैसे बँक वीस वर्षं आपोआप देत होती. कंपनी बदलली म्हणून काय बँकेला कळायचं नाही? न कळायला ती काय कालची पोर आहे?

बँकेला काही कळलं नाही. जुन्या कंपनीबरोबर जुनी परवानगीही संपली. नवी कंपनी बिलं पाठवत राहिली, ती हिरव्यागार पाकिटांतून. इतकं रंगीत पाकीट म्हणजे जाहिरातच, असं ठरवून बाई त्यांच्या पाठीवर भाजीच्या याद्या लिहीत. “पैसे आपोआप जातात ना गं?” फाउस्तो विचारी. “मग काय तर!”

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी ओव्हन लावला आणि खटका पडला. वर केला, पुन्हा पडला. दिवे लागत होते, रेडिओ बोलत होता, ओव्हन मात्र नाही म्हणजे नाही. शेजारच्या निवेसने एक हिरवं पाकीट फोडून वाचलं आणि गालावर हात मारला.

“अगं बये, तीन बिलं थकलीत तुझी! मीटर आवळलाय त्यांनी, वीज थोडीच सोडतायत. पुढच्या आठवड्यात पुरती तोडतील.”

“हळू बोल. फाउस्तोला कळलं तर रविवारी गाडी घेऊनच येईल, आणि मला सामानासकट भरून नेईल.”

“माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही,” निवेस म्हणाली. बाईंना तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

थकलेली बिलं त्यांनी कोपऱ्यावरच्या, बिलंही भरून घेणाऱ्या तंबाखूवाल्याकडे जाऊन तासाभरात भरली. पण हे पुन्हा घडू नये म्हणून बँकेची परवानगी नव्याने द्यायला हवी होती. तिला कागदाने महिना लागणार होता, फोनवर दहा मिनिटं. शनिवारी सकाळी बाईंनी देवाचं नाव घेऊन वीजकंपनीचा नंबर फिरवला.

“हे बोलणं टेप होतंय, बाई. चालेल ना?” पलीकडची मुलगी म्हणाली.

“न चालून सांगते कुणाला?”

“उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच द्यायचं. तुम्ही ओनोरिना तुरोल्ला ना?”

“लहानपणापासून.”

“बाई, ‘हो’ म्हणा ना.”

“तू आधी म्हण.”

“मी म्हणून काय उपयोग? मी का ओनोरिना आहे?”

हे बाईंना पटलं, पण जीभ वळेना. तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू करायची वेळ आली तशी ती मुलगी रडकुंडीला आली. “माझी आजीसुद्धा अशीच करते हो,” ती म्हणाली. “मी तिला फोन केला की विचारते, तू कुठल्या कंपनीची?”

बाईंना तिची दया आली. त्यांनी डोळे मिटले, खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि दात काढून घ्यावा तसं एकेक ‘हो’ दिलं. नाव, पत्ता, खातं, परवानगी, सगळं धरून नऊ. फोन ठेवला तेव्हा पाठ घामाने भिजली होती, पण काम फत्ते झालं होतं.

संध्याकाळी फाउस्तोचा फोन आला, तोही शनिवारी. निवेसचं तोंड!

“आई, आता पुरे. वीज जायची वेळ आली तरी मला पत्ता नाही? उद्या मी येतो, तुला घेऊनच निघतो. फोनवर ‘हो’ म्हणत नाहीस ना? मग नुसतं ‘हं’ म्हण.”

“नाही.”

“काय?”

“नाही म्हटलं. ते म्हणायला मला कुणी कधी अडवलं नव्हतं, माझंच धाडस होत नव्हतं. मला इथेच राहायचंय, फाउस्तो. चुकले, मीच निस्तरलं. उद्या पुन्हा चुकेन, पुन्हा निस्तरेन.”

फाउस्तो हळूच म्हणाला, “तू ‘बघू या’ म्हणायचीस, मला वाटायचं तयार होतेयस. खोलीला रंगसुद्धा दिलाय गं.”

सहा वर्षं मन राखता राखता पोराला आशेवर ठेवलं, याची बाईंना लाज वाटली.

“कुठला रंग?”

“पिवळा. तुला आवडतो तो.”

“नाताळला येते. दोन रात्री राहीन.”

“नक्की? की हेही तुझं ‘बघू या’च?”

“अरे गाढवा, सकाळी एका परक्या पोरीला नऊदा म्हटलं, मग तुला एकदा म्हणायला काय जातं? हो. येते.”